“बसलं” म्हणायचं नाही

सकाळचे साडेनऊ झाले होते. कार्यक्रम दहाचा. आणि माझा गडी पिराजी बांधलेला मंडप सोडत होता.

सगळा नव्हे, बाहेरच्या अंगाचे ताण. ताण म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण लग्नाला येणारा माणूस वर झुंबर बघतो, खाली बघत नाही. कडेच्या खांबाच्या शेंड्यापासून एक दोर तिरका खाली येतो. तो जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखेला बांधतात. तोच ताण. वाऱ्यानं मंडप उडतो तेव्हा खांब मोडत नाहीत, ताण सुटतात. झुंबर, पडदे, फुलं ही वरची मजा. मंडप उभा असतो तो बारा दोरांवर.

ते बारा ताण पिराजीनं आदल्या दिवशी दिवस बुडायच्या आत बांधले होते. मी स्वतः हलवून बघितले होते. आणि आता हा बाबा एकेक सोडून परत बांधत होता.

“पिराजी, काय चाललंय?”

“काय न्हाय मालक. एकदा बघतो.”

“काल बघितलंस की.”

“व्हय. पर आज एकदा बघतो.”

मी चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. चूक त्यांची होती. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं कोल्हापुरात मंडपाचा धंदा केला आणि अजून करतो. आताची पोरं अॅल्युमिनियमचा ट्रस म्हणजे तयार सांगाडा आणतात, नट-बोल्ट आवळतात, झालं काम. मी बांबू आणि काथ्या सोडला नाही. हट्ट म्हणा. पण काथ्याची गाठ वाऱ्याबरोबर थोडी देते, थोडी घेते. बोल्टला ते कळत नाही.

तर ही ऑर्डर होती कसबा बावड्यातली. आमच्या गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष अमर, दंडात बेडकी असलेला पैलवान गडी, पंधरा दिवस आधी घरी आला होता.

“आण्णा, मनाच्या आरोग्याचा मेळावा घेतोय. दोनशे खुर्च्या, बारा बाय सोळाचं स्टेज, साउंड.”

“कुणाच्या मनाला काय झालंय?”

“कुणाच्या न्हाय. सगळ्यांसाठी हाय.”

“लेका, बावड्यात खुळी माणसं किती हायत ते सांग. तेवढ्याच खुर्च्या टाकतो.”

“दोनशे टाका,” अमर म्हणाला. “त्यातली एक तुमच्यासाठी.”

असा बोलतो लेकाचा. लहानपणी ह्याला मी खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवल्यात.

माझं मत तेव्हा सरळ होतं. दिवसभर घण मारावा, रात्री भाकरी खावी, आडवं व्हावं. मन बिघडतं ते रिकाम्या माणसाचं. हे मी अमरला सांगितलं, चहा पाजला आणि ऑर्डर घेतली. मत वेगळं, धंदा वेगळा.

आता पिराजीचं सांगतो.

पिराजी माझ्याकडं तीस वर्षं आहे. वय पन्नासच्या पुढं. आमच्या साइटवर माझा एक नियम आहे. गाठ बांधणाऱ्यानं “झालं” म्हणायचं नाही. दुसऱ्या माणसानं येऊन खांब हलवायचा, दोर ओढायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, “बसलं!” ते ओरडल्याशिवाय पुढच्या खांबाला जायचं नाही. नियम चांगला आहे. त्यामुळं इतक्या वर्षांत माझा मंडप एकदाच पडला. एकदाच म्हणजे एक कोपरा, शिरोळला. ते पुढं सांगतो.

शिरोळच्या त्या कोपऱ्यानंतर पिराजी एकदा “बसलं” ऐकून थांबेना. दुसरा ओरडला तरी माझ्याकडं यायचा. “मालक, बसलं न्हवं?” मी म्हणायचो, “बसलं.” दोन खांब पुढं जाऊन परत यायचा. “तिसरा बसलाय न्हवं?” “बसलाय रं.” पुढं पुढं एका गाठीच्या तीन झाल्या, तीनच्या सात. मी काय समजलो? मी समजलो, माणूस कामाला चिकटला. दुसऱ्यांचे गडी तंबाखू मळत बसतात आणि माझा गडी गाठी मोजतो. मी गिऱ्हाइकांना फुशारकीनं सांगायला लागलो, “आमच्या पिराजीची गाठ सातदा तपासलेली असते.” गिऱ्हाईक खूश. गेल्या दसऱ्याला सगळ्या गड्यांसमोर मी त्याला फेटा बांधला. म्हणालो, “काम करावं तर असं.”

हे मी लिहितोय, कारण ही चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची असती तर मी आधीच नाव घेऊन सांगितलं असतं.

तर साडेनऊला अमर आला. पांढरा शर्ट, छातीला बिल्ला.

“आण्णा, डॉक्टर मॅडम निघाल्यात. लोक बसवायचे का न्हाय? तुमचा माणूस खांब सोडून बसलाय!”

“बसवू नको. ताण सुटलेल्या बाजूला माणूस बसवत न्हाय मी.”

“मग ताण बांधा की!”

“बांधलेलाच हाय!”

“मग सोडलाय कशाला?”

मी तरातरा पिराजीकडं गेलो. काथ्यानं त्याच्या हाताची सालं निघाली होती. दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या आणि चिंध्यांतून लाल दिसत होतं. मी ते बघितलं आणि तरी बोललो, कारण अमर मागं उभा होता.

“पिराजी, धापर्यंत सगळं जाग्यावर पायजे. न्हाय झालं तर उद्यापासनं गाठीला हात लावायचा न्हाय. खुर्च्या उचलायच्या.”

खुर्च्या उचलणं हे आमच्यात नव्या पोराचं काम. तीस वर्षं गाठ बांधणाऱ्याला ते सांगणं म्हणजे पैलवानाला आखाडा झाडायला सांगण्यासारखं. पिराजी म्हणाला, “हा एकच ऱ्हायलाय.”

पावणेदहाला बचत गटाच्या बायका आल्या. त्यांत पिराजीची बायको सुशीला होती. ती बाकीच्यांबरोबर आत गेली नाही. सरळ माझ्याकडं आली.

“मालक, एक बोलू? रागावणार न्हाई न्हवं?”

“बोल.”

“त्यो फेटा बांधाय नको हुता.”

“टीव्हीवर ठिवलाय त्यो. जेवता जेवता उठत्यात, सायकल काढत्यात, साइटवर जाऊन गाठी बघून येत्यात. परवा तीनदा गेलते. मी बोलाय गेले की फेट्याकडं बोट करत्यात. मालक म्हणत्यात हेच खरं काम, तू मला काय शिकवतीस. आता ह्येच्यावर मी काय बोलायचं, तुमीच सांगा.”

“पर आता तर मी त्याला गाठीवरनं काढतोय म्हटलं.”

“ऐकलं मी. गाठ काढून घेतली तर त्यो माणूस घरात बसून दाराच्या कड्या बघंल. आत्ताच बघतोय.”

एवढं बोलून ती आत गेली. शेवटचा शब्द माझा असायची मला सवय, म्हणून आणखी राग आला. मी पिराजीच्या हातातून दोराचं टोक घेतलं, शेवटचा ताण स्वतः बांधला आणि बजावलं, “आता ह्या बाजूला फिरकायचं न्हाय. मागल्या बोळाकडच्या कनातीपाशी जाऊन हुबा ऱ्हा.” कनात म्हणजे मंडपाची कापडी भिंत.

दहाला मॅडम आल्या. डॉक्टर स्नेहल. मला वाटलं होतं कुणी चष्मेवाली, इंग्रजी बोलणारी पुण्याची बाई असेल. ही तिशीतली पोरगी, शिरोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आल्या आल्या मंडपाकडं बघून म्हणाली, “काका, झकास बांधलाय की!” माणूस बरा दिसला.

पण मंडपात माणसं किती? अकरा. त्यात तालमीची चार पोरं, दोन साउंडवाले. बायका होत्या त्याही कडेला उभ्या. दोनशे खुर्च्या आणि अकरा माणसं. मंडपवाल्याला ह्याच्यासारखं दुसरं दुःख नाही, भले खुर्च्या भाड्याच्या असोत.

अमरनं घाम पुसला. “आण्णा, गल्लीत सगळ्यांस्नी सांगितलंय. रिक्षा फिरवलीय. मग येईनात का?”

“बाहेर बघ,” म्हटलं.

बाहेर रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यावर साठ-सत्तर माणसं उभी होती. कुणी गाडीवर एक पाय टेकून, कुणी मोबाईल बघत. सगळ्यांचं तोंड मंडपाकडं, पाय चहाकडं. मधे आमची कमान. कमानीवर अमरनं आठ फुटी फ्लेक्स लावला होता आणि त्यावर ‘मानसिक’ हा शब्द एवढा मोठा की कारखान्याच्या चिमणीवरून वाचता यावा. त्या शब्दाखालून, सगळ्या गल्लीच्या देखत, कोण आत जाईल? दुपारपर्यंत घरी सासरवाडीचा फोन यायचा, जावयाला काय झालंय म्हणून.

इथं माझा धंदा कामाला आला. पंचेचाळीस वर्षांत मी एक शिकलोय, माणूस कमानीतून येतो ते लग्नाला. जिथं यायची लाज वाटते तिथं तो बाजूनं येतो. मयताच्या पाण्याला, भांडण मिटवायच्या बैठकीला, ज्याचे पैसे देणं लागतो त्या पाहुण्याच्या जेवणाला.

“पिराजी!” मी हाक मारली. “बोळाकडची कनात गुंडाळून वर बांध. सगळी. आनि तिथंच धरून हुबा ऱ्हा.”

अमरला म्हटलं, “चहाचा गाडा बोळात घे. चहा तालमीतर्फे.”

खुर्च्या फिरवल्या. मागच्या चार ओळी बोळाच्या तोंडाला आणल्या. म्हणजे चहा घेता घेता माणूस नुसता टेकला तरी मंडपात आला. पंधरा मिनिटांत शंभर खुर्च्या भरल्या. जो तो एकमेकाला सांगत होता, “चहाला आलतो.” मॅडम स्टेजवरून बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, “काका, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं.” मी म्हटलं, “मलाबी न्हाय. मी पाचवीतच सोडलं.”

आता त्या बोलल्या काय ते सांगतो. मला वाटलं होतं खुळ्यांच्या गोष्टी सांगतील. त्यांनी झोपेपासून सुरुवात केली. कुणाला झोप येत नाही, कुणाला नुसतीच येते. कोण बाळंतपणानंतर रडतं. कोण दारू सोडायची म्हणतं आणि सोमवारची वाट बघतं. बोलणं आपलंच, शिरोळचं. लोक हसत होते, माना हलवत होते. मी शेवटच्या ओळीत बसलो होतो. ऐकायला नव्हे, साउंड बरोबर येतोय का बघायला.

मग त्या म्हणाल्या, “घरातनं निघताना कुलूप लागलं का, म्हणून एकदा ओढून बघणं ही काळजी. पण काही लोकांना दहादा ओढलं तरी मन सोडत नाही. कुलूप लागलेलं डोळ्याला दिसतंय, हाताला कळतंय, तरी आतनं कोणतरी म्हणतं, परत बघ. हातातलं काम पडतं, जेवण पडतं, हाताची सालं निघतात. असे लोक बाहेरून फार काटेकोर दिसतात. लोक त्यांचं कौतुक करतात. हा आजार आहे, आणि ह्याला इलाज आहे.”

मी साउंड बघायचा सोडला.

मागं वळून बघायचं धाडस होत नव्हतं. कनातीपाशी पिराजी उभा होता, माझ्यापासून चार हातांवर.

तेवढ्यात प्रश्न सुरू झाले. पहिला हात वर केला चहावाल्यानंच. “मॅडम, माझी बायको दिवसातनं दहादा फोन करून इचारती, कुठं हाय. ह्यो आजार म्हणायचा का?”

“तिला आणा, मी विचारते,” मॅडम म्हणाल्या. “तिच्याकडं कारण असलं तर आजार तिचा नाही.”

मंडप हसला. बचत गटाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या हसण्यातच माझ्या मागून आवाज आला.

“मॅडम, एक इचारू?”

माइक नाही, काही नाही. पिराजीचा आवाज. हातात कनातीचा दोर तसाच.

“ज्याला आपुन इचारतो त्यो माणूस चांगलाच हाय. रोज सांगतोय बसलं म्हणून. कटाळत न्हाय. तरीबी दोन मिंटांनी परत इचारावं वाटतंय. मग त्येनं काय करायचं? त्येनं आनि जोरात सांगायचं का?”

शंभर माणसं वळून बघायला लागली. सुशीलानं पदर तोंडाला लावला.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “दादा, तो माणूस मायेनं सांगतोय. पण प्रत्येक वेळी सांगितलं की तुम्हाला दोन मिनिटं बरं वाटतं आणि मनाला सवय लागते. मग ते परत मागतं. तो माणूस नकळत जाळाला लाकूड घालतोय.”

पिराजी म्हणाला, “न्हाय न्हाय. त्येचा दोष न्हाय.”

मला बाकीचं बोलणं आठवत नाही. एवढंच आठवतं, की हातातला चहा थंड झाला होता आणि मी तो तसाच प्यालो.

भाषण झाल्यावर स्टेजच्या मागं एक टेबल लावलं होतं. ज्याला खासगी बोलायचंय त्यानं तिथं जायचं. तिथंही कनात होती. अमरनं ती लावू नका म्हटलं होतं, गर्दी होईल म्हणून, पण मी लावली होती. सुशीला पिराजीला हाताला धरून तिकडं न्यायला लागली. पिराजी दोन पावलं गेला आणि थांबला.

“मालक येत असतील तर जातो.”

आता बघा. बावड्यात मला ओळखत नाही असा माणूस नाही. त्या टेबलाकडं मी गेलो तर संध्याकाळपर्यंत गल्लीत होणार, आण्णाचं डोकं फिरलंय. काही लोक तर म्हणणार, उशिरा का होईना कळलं. अमर बघत होता, चहावाला बघत होता. मी मनात म्हटलं, पिराजीला गाठ बांधायला मी शिकवलं. आणि उठलो.

टेबलापाशी तीन खुर्च्या. मॅडमनी पिराजीचे हात बघितले, चार प्रश्न विचारले. कधीपासून? पिराजी म्हणाला, “शिरोळला मंडप पडला तवापासनं. माझी गाठ सुटली हुती.”

तेव्हा मला बोलावं लागलं.

शिरोळला एका बारशाचा मंडप होता. उसाच्या रानाला लागून जागा. रानाला पाणी दिलेलं, माती लोण्यासारखी. अशा मातीत तीन फुटी मेख लागते. माझ्या तीन फुटी मेखा दुसऱ्या साइटवर होत्या. मी म्हटलं, दीड फुटी ठोका, चालतंय. दुपारी वावटळ आली आणि एक कोपरा खाली आला. पाळणा आधी तिथंच होता. नुकताच आत नेला होता. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मी यजमानाला म्हटलं, वाऱ्यापुढं कुणाचं चालतं? पण मी जाऊन बघितलं होतं. गाठ जशीच्या तशी होती. मेख उपटून आली होती, गाठीसकट. हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मालकानं सांगायचं नसतं, असं मला वाटायचं.

तिथं, मॅडमच्या समोर सांगितलं. “पिराजी, गाठ सुटली नव्हती. मेख माझी चुकली.”

मला वाटलं, हा आता रडेल, नाहीतर मला शिव्या तरी देईल. दोन्हीची तयारी होती.

पिराजी म्हणाला, “म्हाईत हाय की मालक. दीड फुटी मेखा मीच ठोकल्या न्हवं. उपटलेली मेख मीच उचलली.”

“मग?”

“तरीबी वाटतंय. गाठ आनि एक असती तर.”

दोन वर्षं मी जे पोटात ठेवलं ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एवढी जड वस्तू मी उगाच वागवली.

मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही सांगितलं ते बरं केलंत. पण त्यानं हे जाणार नाही. त्यांना माहीत होतंच. माहीत असून सुटत नाही, म्हणून तर आजार म्हणायचं. मी शिरोळची आहे, ती माती मला ठाऊक आहे. माती समजावून मन ऐकत असतं तर डॉक्टर कशाला लागले असते?”

“मग मी काय करायचं?” मी विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यात फार वेळा विचारलेला नाही.

“दोन गोष्टी. कामावरनं काढू नका. आणि ‘बसलं’ म्हणू नका.”

“आमचा नियमच हाय, मॅडम. दुसऱ्यानं बघून बसलं म्हणायचं.”

“तो नियम चांगला आहे, ठेवा. दुसरा माणूस एकदा बघेल, एकदा ओरडेल. झालं. त्यानंतर ह्यांनी तुम्हाला विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आजपासनं एकदम नाही. हे आधी माझ्या ओपीडीत येतील, आपण तिघं बसून ठरवू, हळूहळू कमी करू. ह्यांना आधी सांगून करायचं. न सांगता गप्प बसलात तर तो छळ होईल.”

पिराजीनं विचारलं, “औषध लागंल?”

“लागलं तर देऊ. पण खरं काम तुम्हालाच करायचंय. गाठ एक बांधायची आणि हात मागं घ्यायचा. सुरुवातीला जीव जाईल असं वाटेल. जात नाही.”

पाचला त्या ग्राउंडवर पोरांचा व्हॉलीबॉल होता. मंडप चारपर्यंत उतरवायचा होता. पिराजीच्या सात सात गाठी सोडवायला नेहमीसारखा वेळ लागला. मी विळा आणला, म्हटलं कापून टाकू. काथ्या मी कधी कापत नाही, ते आमच्यात अशुभ मानतात. पिराजी म्हणाला, “कापू नका मालक. मी बांधलंय, मीच सोडतो.” सहाला व्हॉलीबॉलची पोरं अमरच्या नावानं ओरडत होती. अमर माझ्या नावानं. मी कुणाच्याच नावानं ओरडलो नाही. बावड्यात त्याचीच जास्त चर्चा झाली.

ह्याला आता आठ महिने झाले. दर गुरुवारी पिराजी ओपीडीत जातो. पहिले चार गुरुवार मी बरोबर गेलो. बाकावर बसलेलं मला अर्ध्या कोल्हापुरानं बघितलं. निम्म्यांनी तोंड फिरवलं, कारण तेही तिथंच आले होते.

पंधरा दिवसांमागं राधानगरीला लग्नाचा मंडप होता. मेखा तीन फुटी, मी स्वतः मोजून घेतल्या. पिराजीनं पहिला ताण बांधला. एक गाठ. बाळू नावाच्या गड्यानं खांब हलवला, दोर ओढला आणि ओरडला, “बसलं!” पिराजीचा हात दोराकडं गेला आणि अधांतरी थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“मालक, बसलं न्हवं?”

जिभेवर आलं होतं. एकच शब्द. मी माणूस असा आहे की मला कुणी न विचारता मी चार शब्द सांगतो. इथं विचारल्यावर गप्प बसायचं होतं.

“आपलं काय ठरलंय?” मी म्हटलं.

“व्हय. ठरलंय.”

मी तोंड फिरवलं आणि धरणाच्या अंगाचा डोंगर बघत बसलो. डोंगरात बघण्यासारखं काही नव्हतं. मागं त्याचा श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यासारखा. मग पावलं वाजली. दुसऱ्या खांबाकडं गेला. पाचव्यापर्यंत गेला आणि मग परत येऊन तिसऱ्याच्या दोराला नुसतं बोट लावून गेला. मी बघितलं. बोललो नाही. मॅडमनी सांगितलंय, असे दिवस असणार. त्या दिवशी बारा ताणांना चौदा गाठी झाल्या. आधी चौऱ्याऐंशी व्हायच्या. आणि गडी जेवणाच्या वेळेला जेवायला बसला.

फेटा सुशीलानं टीव्हीवरून काढून ट्रंकेत ठेवलाय. मला विचारून ठेवला. मी म्हटलं, बरं केलंस.

परवा अमर आला. पुढच्या वर्षीचा मेळावा ठरवायचाय. हातात कागद होता. “आण्णा, गेल्या वेळचा अहवाल द्यायचाय. कुणाकुणाला फायदा झाला म्हणून लिहू?”

“चहावाल्याला लिही.”

“चेष्टा नको.”

“मग मंडपवाल्याला लिही,” म्हटलं. “आनि त्या शब्दाचा फ्लेक्स जरा बारका कर. आनि बोळाकडची बाजू उघडी ठेव.”

अमर हसत गेला. त्याला वाटलं मी अजून चेष्टाच करतोय.

धंद्यात नव्या आलेल्या पोरांना एवढंच सांगतो. गड्याच्या कामाचं कौतुक करायच्या आधी तो वेळेवर घरी जातो का ते विचारावं, आणि त्याचे हात बघावेत. मंडपाला गाठ एकच पुरते. मेख मात्र तीन फुटी लागते, आणि ती मालकानं आणायची असते.